ओंब्यांवर आलेलं शेत

सस्तन प्राण्यांच्या मादीचं अंडं नेमकं कुठे असतं, या प्रश्नानं युरोपातल्या भल्याभल्यांना दीडशे वर्षं चकवलं. कोंबडीचं अंडं हातात घेता येतं, बेडकाची अंडी डबक्यात तरंगताना दिसतात, माशाची गाबोळी तर ताटातच येते. पण हरिणीचं काय, कुत्रीचं काय, बाईचं काय? विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या राखीव रानातल्या हरिणी समागमाच्या हंगामानंतर एकामागून एक फाडून पाहिल्या. आठवडे उलटले तरी त्यांच्या गर्भाशयात काही सापडेना. सगळे जीव अंड्यातूनच येतात, असं त्यानं 1651 मध्ये लिहिलं, पण हरिणीचं अंडं काही त्याला दाखवता आलं नाही. पुढे 1672 मध्ये रेनिए द ग्राफ या डच वैद्यानं अंडाशयावरचे टपोरे फोड पाहिले आणि हीच ती अंडी, असं ठरवलं. आज आपण त्यांना ग्राफियन पुटिका म्हणतो. पण ते फोड म्हणजे अंड्याची पिशवी होती, अंडं नव्हे. ती पिशवी एवढी मोठी की बारीकशा अंडवाहिनीतून तिनं उतरावं कसं, हे कोणालाच सांगता येईना. 1824 मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा या संशोधकांना सशाच्या अंडवाहिनीत अंडी दिसली, तरी ती अंडाशयातून कशी निघाली, हा दुवा निखळलेलाच राहिला.

तो दुवा 1827 च्या वसंतात क्योनिग्सबर्ग या प्रशियन शहरात सापडला. आज ते रशियातलं कालिनिनग्राद आहे. सापडवणारा पस्तिशीचा प्राध्यापक होता, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर. कुत्रीच्या अंडवाहिनीत त्याला बारीक पिवळसर-पांढरे ठिपके आधीच दिसले होते. आता त्याला ते उगमापाशी पाहायचे होते. त्यासाठी नुकताच समागम झालेली कुत्री हवी होती. त्याचे गुरू आणि वरिष्ठ सहकारी कार्ल बुर्दाख यांच्या घरी तशी एक होती. घरातली, माणसाळलेली. तिचा बळी दिला गेला. इथे वाचताना मी दर वेळी थांबते. बेअरनं ही गोष्ट लपवली नाही, कुत्री कोणाची होती हेही त्यानं लिहून ठेवलं, याची मला कदर वाटते. शोधाच्या गोष्टीतून असे जीव सहसा गाळलेलेच असतात.

अंडाशय समोर ठेवल्यावर त्याला हवं ते दिसलं नाही. काही पुटिका फुटून गेलेल्या होत्या आणि फुटायच्या बेतात असलेली एकही नव्हती. हिरमुसून तो बघत असताना एका न फुटलेल्या पुटिकेत पिवळा ठिपका दिसला. मग दुसरीत दिसला, मग बहुतेक सगळ्यांत, आणि प्रत्येकीत एकच. हे काय असावं म्हणून त्यानं एक पुटिका उघडली, तो ठिपका सुरीच्या टोकावर अलगद उचलला, पाणी भरलेल्या काचेच्या वाटीत सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. डोळा लावला आणि वीज अंगावर पडावी तसा तो मागे सरकला. समोर अगदी रेखीव, पिवळा, बलकाचा गोळा होता. पुन्हा बघायचा धीर गोळा करायला त्याला वेळ लागला. आपल्याला भास तर झाला नाही ना, ही भीती त्याला वाटत होती. ज्याची इतकी वाट पाहिली ते समोर आल्यावर माणूस घाबरतो, हे किती विचित्र, असं त्यानं म्हातारपणी आत्मचरित्रात लिहिलं आहे.

विज्ञानाच्या इतिहासात आनंदानं ओरडत धावणाऱ्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. मला हा दचकणारा माणूस जास्त खरा वाटतो. वर्षानुवर्षं ज्याच्यामागे आहोत ते मिळालं की पहिली भावना आनंदाची असतेच असं नाही.

हा शोध त्यानं त्याच वर्षी लॅटिनमध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी बर्लिनला निसर्गवैज्ञानिकांची मोठी सभा भरली. बेअर तिथे गेला. कोणीतरी विषय काढेल, काही विचारेल, असं त्याला वाटत होतं. दिवसामागून दिवस गेले, जर्मन शरीरशास्त्रज्ञांपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी स्वीडनहून आलेल्या अँडर्स रेट्झियसनं, ते अंडं आम्हाला दाखवता का, असं विचारलं. मानी माणूस होता बेअर. ही उपेक्षा त्याला फार लागली आणि ती तो अखेरपर्यंत विसरला नाही.

पत्राच्या रूपातल्या त्या 1827 च्या पुस्तिकेत त्यानं वीर्यातल्या हलणाऱ्या जंतूंना एक नाव दिलं, स्पर्मॅटोझोआ. ते नाव आजही चालतं. पण ते जंतू म्हणजे वीर्यात राहणारे परजीवी प्राणी आहेत, अशीच त्याची समजूत होती. म्हणजे मीलनातली एक बाजू ज्यानं जगाला दाखवली, त्याला दुसरी बाजू नावासकट हातात असून ओळखू आली नाही. डोळ्यासमोर असणं आणि दिसणं यांत केवढं अंतर असतं, हे मला त्याच्या यशापेक्षा या चुकीतून जास्त कळलं.

बेअरचा जन्म फेब्रुवारी 1792 चा, एस्टोनियातल्या पीबे नावाच्या जहागिरीवरचा. घरात भाषा जर्मन, वर सत्ता रशियाच्या झारची आणि शेतात राबणारी माणसं एस्टोनियन. ही माणसं भूदास होती, म्हणजे जहागीरदाराच्या जमिनीला बांधलेली. त्यांची भूदासगिरीतून सुटका 1816 च्या कायद्यानं झाली, तोवर बेअर डॉक्टर होऊन बसला होता. त्याचा डॉक्टरकीचा प्रबंध एस्टोनियन लोकांच्या आजारांवर आहे. त्यात त्यांच्या गरिबीची, धुरानं कोंदलेल्या घरांची दखल आहे आणि त्यांच्या स्वभावावर मालकवर्गाला शोभतील असे कडक शेरेही आहेत. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना अशा ओळी ओलांडून जाऊ नये. ज्या शेतांच्या उत्पन्नावर तो शिकला, ती शेतं कोण कसत होतं, हेही त्याच्या गोष्टीत यायला हवं.

आईवडील एकमेकांचे चुलत भावंडं, मुलं दहा. कार्लला लहानपणी निपुत्रिक काका-काकूंकडे ठेवलं होतं. सातव्या वर्षापर्यंत तो तिथेच वाढला. पुढे शाळा रेव्हालला, म्हणजे आजच्या टालिनला, आणि 1810 मध्ये वैद्यकासाठी दोर्पात विद्यापीठात, आजच्या टार्टूला. 1812 मध्ये नेपोलियननं रशियावर स्वारी केली, तेव्हा हा विद्यार्थी रीगाच्या इस्पितळात टायफसचे रोगी सांभाळायला गेला आणि स्वतःच टायफसनं अंथरुणाला खिळला. त्यातून तो वाचला. पदवी मिळाली, पण आपल्याला औषधोपचाराचं काही येत नाही, ही जाणीव त्याला कुरतडत राहिली. म्हणून तो व्हिएन्नाला गेला. तिथेही रुग्णालयात मन रमेना, डोंगर खुणावायला लागले.

यानंतर जे घडलं ते मला फार आवडतं. आल्प्सच्या बाजूला भटकताना त्याला मार्टियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ भेटला. तुलनात्मक शरीररचना कुठे शिकायला मिळेल, असं बेअरनं त्याला विचारलं. व्युर्झबुर्गला ड्योलिंगरकडे जा, असं मार्टियसनं सांगितलं आणि त्याला पोचवायला शेवाळाचे नमुने बांधून दिले. ते पुडकं घेऊन बेअर ड्योलिंगरच्या दारात उभा राहिला. त्या सत्रात माझी व्याख्यानं नाहीत, असं ड्योलिंगर म्हणाला. मुलाचा चेहरा पडला असणार. मग तो पुढे म्हणाला, व्याख्यानं कशाला हवीत, कुठलाही प्राणी घेऊन ये आणि इथे बसून फाड. दुसऱ्या दिवशी बेअर औषधाच्या दुकानातून एक जळू घेऊन हजर झाला. ड्योलिंगर शेजारी बसून आपलं काम करायचा, मधून मधून येऊन बघायचा, हवं ते पुस्तक काढून द्यायचा. असा शिक्षक लाभणं हे नशीबच. मी बरीच वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चाळीस मुलं असली की शेजारी बसणं जमत नाही, आणि शिकवण्यातलं खरं काम तर तेवढंच असतं.

कोंबडीच्या अंड्यात पिल्लू दिवसागणिक कसं घडतं, ते कोणीतरी पहिल्यापासून नीट बघावं, अशी ड्योलिंगरची फार इच्छा होती. अंड्यांचा खर्च, ती उबवण्यासाठी माणूस, चित्रकाराचे पैसे, हे बेअरच्या आवाक्याबाहेर होतं. मग त्यानं आपल्या मित्राला, ख्रिश्चन पांडरला गळ घातली. पांडर रीगाच्या धनाढ्य सावकाराचा मुलगा. त्यानं 2,000 च्या वर अंडी फोडली, द'आल्टन या चित्रकाराकडून सुरेख चित्रं काढून घेतली आणि 1817 मध्ये दाखवून दिलं की सुरुवातीच्या काळात गर्भ म्हणजे एकावर एक पसरलेले पातळ थर असतात. बेअरनं ते काम क्योनिग्सबर्गला स्वतः पहिल्यापासून पुन्हा केलं आणि कोंबडीपुरतं न ठेवता बेडूक, सरडा, मासा, सस्तन प्राणी, सगळ्यांपर्यंत नेलं.

त्यानं काय पाहिलं असेल, याची कल्पना प्रॅक्टिकलला एकदा तरी कोंबडीचा गर्भ काढलेल्या कोणालाही करता येईल. पोल्ट्रीतून फलित अंडी आणायची, इनक्युबेटरमध्ये ठेवायची. अठ्ठेचाळीस तासांनी अंडं कोमट सलाइनमध्ये फोडायचं. बलक अखंड राहिला पाहिजे. त्याच्यावर मध्यभागी रुपयाएवढी फिकट चकती दिसते. फिल्टर पेपरची कडी कापून त्या चकतीवर अलगद टेकवायची. ती पडद्याला चिकटते. मग कडीच्या बाहेरून बारीक कात्रीनं गोल कापत जायचं आणि चिमट्यानं कडी उचलून वॉच ग्लासमध्ये ठेवायची. हात हलला की सगळा बलक फुटून वाहतो. नीट जमलं तर भिंगाखाली दोऱ्याएवढा गर्भ दिसतो, डोकं एका बाजूला वळलेलं, पाठीच्या दोन्ही अंगांना ठोकळ्यांच्या जोड्या ओळीनं बसलेल्या आणि मधे नागमोडी लाल नळी, जी आखडते, सैल होते, पुन्हा आखडते. ते हृदय. अजून पंख नाहीत, पाय नाहीत, चोच नाही, आणि हृदय कामाला लागलेलं आहे. तेहतिसाव्या तासाच्या सुमारास त्याची पहिली फडफड सुरू होते. आमच्यासमोर निदान छापील आकृत्या होत्या, सोळा तास, चोवीस तास, बहात्तर तास अशा रंगवलेल्या पक्क्या स्लाइड होत्या. बेअरच्या काळी ऊतींना रंग देण्याचं तंत्र नव्हतं, पातळ काप घेणारं यंत्र नव्हतं. साधं भिंग, सुया, पाणी आणि खिडकीतला उजेड. एवढ्यावर त्यानं कण्याच्या आधी येणारी ती लवचीक दांडी ओळखली, जिला आपण पृष्ठरज्जू म्हणतो. ती प्रत्येक कणावाल्या प्राण्याच्या गर्भात येते आणि बहुतेकांत पुढे कण्यात विरून जाते.

1828 मध्ये प्राण्यांच्या गर्भविकासावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यातले चार नियम पदवीच्या मुलांना पाठ असतात. थोडक्यात ते असे, की गर्भात आधी मोठ्या गटाच्या सर्वसाधारण खुणा उमटतात, विशेष खुणा नंतर. कोंबडीचा गर्भ आधी नुसता कणावाला प्राणी असतो, मग पक्षी, मग जमिनीवर चरणारा पक्षी आणि सगळ्यात शेवटी कोंबडी. माणसाचा गर्भ कधीही मासा नसतो, बेडूक नसतो. तो माशाच्या गर्भासारखा दिसतो इतकंच, आणि पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

हे सांगण्याची त्याला गरज पडली, कारण त्या काळी बऱ्याच विद्वानांचं म्हणणं उलटं होतं. खालच्या प्राण्यांची पायरी पायरी चढत गर्भ शेवटी माणूस होतो, असं ते मानत. त्यांच्यासाठी बेअरनं एक लाजवाब उतारा लिहिला आहे. समजा पक्ष्यांनी गर्भविकासाचा अभ्यास केला, तर ते काय म्हणतील? ते म्हणतील, ही चार पायांची आणि दोन पायांची प्राणी मंडळी आपल्या गर्भासारखीच की! यांच्या कवटीची हाडं सुटी सुटी, चोच नाही, अंगावर एकही खरं पीस नाही, आपल्या पिलांचं अंड्यात पाचव्या-सहाव्या दिवशी असतं तसं सगळं. आणि हे स्वतःला आपल्याहून वरचे समजतात! माणसाला मधोमध ठेवून जगाच्या पायऱ्या मांडणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही.

आणखी एक प्रसंग त्यानंच नोंदवला आहे. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या दोन छोट्या गर्भांवर चिठ्ठी लावायची राहून गेली. काही दिवसांनी बघतो तर ते कुठल्या वर्गातले, हे सांगता येईना. सरडे असतील, छोटे पक्षी असतील, अगदी कोवळे सस्तन प्राणीही असतील. डोकं आणि धड घडण्याची रीत सगळ्यांत इतकी सारखी. हातपाय अजून फुटले नव्हते, आणि फुटले असते तरी उपयोग नव्हता, कारण सरड्याचे पाय, पक्ष्याचे पंख आणि माणसाचे हात एकाच मूळ घडणीतून निघतात. हा उतारा पुढे डार्विननं आपल्या ग्रंथात घेतला आणि पहिल्या आवृत्तीत चुकून आगासी या दुसऱ्या निसर्गवैज्ञानिकाच्या नावावर टाकला. नंतर त्यानं ते दुरुस्त केलं.

आपल्याकडे मात्र वर्गात हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचं सुटसुटीत सूत्र जास्त रुजलं. व्यक्तीचा विकास म्हणजे वंशाच्या विकासाची उजळणी, असं ते सूत्र. ऐकायला छान आणि परीक्षेत लिहायला सोपं. मला मात्र बेअरचं म्हणणं जास्त मोलाचं वाटतं. त्यात शिडी नाही, वरचा-खालचा नाही. एका सारखेपणातून निघून प्रत्येकानं आपापल्या वाटेनं वेगळं होत जाणं आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

या ग्रंथाच्या कामात बेअर घराबाहेर पडेनासा झाला. वसंत आला की अंडी उबवायची आणि ती ठराविक तासांनी फोडायची. हंगाम चुकला की वर्ष वाया. घरात बायको, लहान मुलं, बाहेर बाल्टिकचा थोडकाच उन्हाळा, आणि हा भिंगावर वाकलेला. पचन बिघडलं, प्रकृती ढासळली. एका वर्षी बाहेर बर्फ असताना त्यानं स्वतःला कोंडून घेतलं. पुढे एक दिवस तो शहराच्या तटबंदीपर्यंत फिरायला गेला आणि पाहतो तर राय या गव्हासारख्या धान्याचं पीक निसवून ओंब्यांवर आलेलं. बर्फ कधी वितळला, कोंब कधी वर आले, शेत कधी हिरवं झालं, यातलं त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. ते शेत बघून तो इतका हलला की जमिनीवर आडवा पडला आणि स्वतःला बोल लावू लागला. निसर्गाच्या घडणीचे नियम सापडणारच आहेत, असं त्यानं स्वतःला बजावलं. ते तुला सापडले काय आणि दुसऱ्याला सापडले काय, या वर्षी सापडले काय आणि पुढच्या वर्षी सापडले काय, त्यानं काही फरक पडत नाही. पण त्यापायी स्वतःच्या जगण्याचा आनंद उधळून टाकणं, जो कोणीही परत देऊ शकत नाही, हा शुद्ध वेडेपणा आहे.

आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं, हेही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. कोंबडीच्या पिल्लाचा तास न् तास ज्यानं टिपला, त्याच्या नजरेतून एक अख्खा वसंत निसटला. हे फक्त शास्त्रज्ञांचं होतं असं नाही. शेतावरच्या माणसाचं होतं, दुकान चालवणाऱ्याचं होतं, घर सांभाळणाऱ्या बाईचं तर रोजचंच. पण बेअरचं वेगळेपण असं, की जमिनीवर पडून जे कळलं ते त्यानं पुढे काही वर्षांनी अमलात आणलं. 1834 मध्ये मोठा भाऊ वारला. पीबेची जहागीर बघायला कोणी नव्हतं. बेअरनं क्योनिग्सबर्ग सोडलं, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत रुजू झाला आणि भ्रूणविज्ञानाचं काम त्यानं जवळजवळ थांबवलं. दुसरा खंड अर्धवट होता. प्रकाशकानं वाट पाहिली आणि 1837 मध्ये तो तसाच छापून टाकला.

इतिहासकार इथे हळहळतात. इतका मोठा भ्रूणवैज्ञानिक, चाळिशीच्या आरंभी काम सोडून गेला! मला ही हळहळ पटत नाही. ज्या वर्षी तो अर्धवट खंड छापून आला, त्याच वर्षी पंचेचाळीस वर्षांचा बेअर आर्क्टिक समुद्रातल्या नोव्हाया झेम्ल्या बेटांवर होता. झाड नाही, झुडूप नाही, खडक आणि बर्फ आणि त्यांच्या फटींत फुललेली बोटभर उंचीची रोपं. तिथले प्राणी, वनस्पती, हवामान यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी ती पहिलीच मोहीम. पुढे 1840 मध्ये कोला द्वीपकल्प. सैबेरियातल्या कायम गोठलेल्या जमिनीवर पद्धतशीर लिहिणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता. 1845 मध्ये रशियन भौगोलिक संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. अकादमीच्या ग्रंथालयातल्या परदेशी पुस्तकांची व्यवस्थाही त्याच्याकडेच होती.

या काळातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट माशांची आहे. रशियातली मासळी कमी होत चालली होती, म्हणून सरकारनं त्याला आधी पेपुस सरोवरावर आणि 1853 पासून कास्पियन समुद्रावर पाठवलं. साठी ओलांडलेला हा माणूस तिथे काही वर्षं होड्यांतून आणि घाटांवरून फिरत राहिला. व्होल्गा नदीत वसंतात एका जातीच्या हेरिंग माशाचे थवेच्या थवे चढायचे. लोक त्याला वेडा मासा म्हणत, खाल्ला तर डोकं फिरतं असं मानत, आणि पकडलेला सगळा मासा उकळून नुसतं तेल काढत. बेअरनं सांगितलं, यात काही दोष नाही, हा खारवा आणि खा. माणसं हळूहळू ऐकू लागली आणि तेलाच्या कढईत जाणारा मासा पिंपांत भरून गरिबांच्या ताटांत जाऊ लागला. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांनी पावसाळ्याच्या बेगमीचा खारवलेला मासा पाहिला आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. कुत्रीच्या अंडाशयातला ठिपका आणि व्होल्गातला हेरिंग, दोन्ही ठिकाणी नजर तीच. लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवून समोरची वस्तू बघायची.

व्होल्गाच्याच काठानं फिरताना आणखी एक गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. रशियातल्या मोठ्या नद्यांचा उजवा काठ उंच आणि कापलेला, डावा सखल. 1860 मध्ये त्यानं याचं कारण पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलं. उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे ढकललं जातं. भूगोलात हा आजही बेअरचा नियम म्हणून येतो. प्रत्यक्ष नदीवर याचा परिणाम किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाले.

त्याच वर्षी रशियन कीटकशास्त्रीय संस्थेच्या सभेत त्यानं एक व्याख्यान दिलं. त्यात त्यानं मांडलेली कल्पना अशी. समजा माणसाचं आयुष्य हजारपट आखूड झालं, सगळं मिळून महिन्याभराचं, आणि नाडी हजारपट जलद झाली. त्याला बंदुकीची गोळी जाताना दिसेल. चंद्राच्या कला त्याला आयुष्यात एकदाच दिसतील. हिवाळा नावाची गोष्ट त्याला फक्त ऐकून माहीत असेल. आणखी हजारपट आखूड केलं, चाळीसेक मिनिटांचं, तर त्याला झाडं आणि फुलं कधी न बदलणारी वाटतील. आता उलट करा, आयुष्य हजारपट लांबवा. गवत कारंज्यासारखं उसळताना आणि विरताना दिसेल, दिवस-रात्र उघडझाप होतील, सूर्य आकाशात जळत्या पट्ट्यासारखा भासेल. आपण ज्याला स्थिर म्हणतो, ते आपल्या मोजपट्टीमुळे स्थिर आहे. निसर्गात स्थिर असं काहीच नाही, सगळं घडत असतं. तासागणिक गर्भ बघण्यात ज्याची उमेद गेली, त्यालाच हे सुचू शकतं.

असं बोलणारा माणूस डार्विनला मनापासून हो म्हणेल, असं वाटतं ना? तो म्हणाला नाही. जवळच्या जाती एका पूर्वजापासून आल्या असाव्यात, इतपत त्याला मान्य होतं. डार्विननंही आपल्या ग्रंथाच्या ऐतिहासिक टिपणात त्याचा आदरानं उल्लेख केला. पण सगळं जीवन एका मुळातून आणि नैसर्गिक निवडीच्या जोरावर फुललं, हे त्याला पटेना. गर्भ कसा नेमका आपल्या शेवटाकडे जातो, हे त्यानं इतक्या जवळून पाहिलं होतं की निसर्गाच्या सगळ्या वाटचालीला एक रोख आहे, यावर तो ठाम राहिला. मला वाटतं, ज्या अनुभवानं त्याला मोठं केलं त्यानंच त्याला इथे अडवलं. पिल्लाला कोंबडी व्हायचं असतं, पण जीवसृष्टीला काय व्हायचं आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. 1876 मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यानं डार्विनच्या विरोधात सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला दोर्पातला त्याचं निधन झालं.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. 1864 मध्ये त्याच्या डॉक्टरकीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा अकादमीत त्याच्या नावाचं पारितोषिक ठेवलं गेलं. 1867 मध्ये ते पहिल्यांदा दिलं, ते विशी-पंचविशीतल्या दोघांना, अलेक्सांद्र कोवालेव्हस्की आणि इल्या मेच्निकोव्ह. दोघेही समुद्रातल्या प्राण्यांचे गर्भ अभ्यासत होते. कोवालेव्हस्कीनं 1866 मध्ये दाखवलं होतं की खडकाला चिकटून बसणाऱ्या, पिशवीसारख्या दिसणाऱ्या असिडियन प्राण्याच्या अळीत पृष्ठरज्जू असतो. म्हणजे कोंबडीच्या गर्भात बेअरनं ओळखलेली ती दांडी, जिला त्यानं फक्त कणावाल्यांची खूण मानलं होतं, ती ज्याला कणा नाही अशा प्राण्यात निघाली. गौरव झाल्यावरही 1873 मध्ये म्हाताऱ्या बेअरनं लेख लिहून या निष्कर्षाला विरोध केला.

कोवालेव्हस्की बरोबर होता. आपल्याकडे पदवीच्या वर्गात पृष्ठरज्जूवाल्या प्राण्यांचा अभ्यास अजूनही हर्डमानिया या असिडियनपासून सुरू होतो, ते याच शोधामुळे.